त्सावोच्या रानात, कापडी भिंतीआड

आपल्या ज्ञातीतील तरुण मुले-मुली सैन्यातील सेवा आटोपली की पाठीवर पिशवी टाकून दूरदूरच्या देशांत निघून जातात. वडील मंडळींना मात्र प्रवास म्हटला की मुंबई, अलिबाग, पेण आणि नातेवाइकांची घरे एवढेच डोळ्यांसमोर येते. गेल्या उन्हाळ्यात अश्दोद आणि बेरशेबा येथील तीन कुटुंबांतील आम्ही आठ माणसांनी हा रिवाज मोडला. आमच्यात सर्वांत धाकटा नऊ वर्षांचा नातू होता आणि सर्वांत वडील म्हणजे ऐंशीच्या घरातील आजी. केनिया देशातील त्सावोच्या रानात आम्ही आठ दिवस तंबूत राहून आलो. परत आल्यापासून सिनेगॉगच्या दारात जो भेटतो तो "सिंह पाहिला का?" एवढेच विचारतो. पाहिला, आणि पाहिला त्याहून अधिक ऐकला. त्या आवाजाशी हिंदी माणसांची एक जुनी हकिकत जोडलेली आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी रानातील राहणी कशी असते ते वाचकांस सांगणे अवश्य आहे.

त्सावो नावाची दोन राष्ट्रीय उद्याने आहेत, पूर्व आणि पश्चिम. दोहोंची स्थापना १९४८ साली झाली. दोन्ही मिळून क्षेत्रफळ २०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ आपल्या इस्राएलएवढे. या दोहोंच्या मधून नैरोबीहून मोंबासा बंदराकडे जाणारी सडक आणि आगगाडीचे दोन मार्ग जातात. एक मार्ग इंग्रजांनी बांधलेला जुना, आणि दुसरा २०१७ साली सुरू झालेला नवा. आम्ही नव्या मार्गावरील थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीने व्होई स्टेशनास उतरलो आणि तेथून जीपने पूर्व त्सावोत शिरलो.

पहिली नजरेत भरते ती माती. लाल, अगदी कोकणातील जांभ्याच्या वाटेसारखी लाल. कपडे, केस, पाण्याची बाटली, पहिल्या तासातच सारे त्याच रंगाचे झाले. वाटेत गोरखचिंचेची प्रचंड खोडे दिसली, नदीकाठी आपली ओळखीची चिंचही भेटली. तिला तेथे 'उक्वाजू' म्हणतात. आजींनी गाडी थांबवावयास सांगून ते झाड नीट पाहून घेतले आणि "फोडणीपुरती पुरेल" असा निकाल दिला.

आमचा कॅम्प गालाना नदीच्या काठी होता. आथी आणि त्सावो या दोन नद्या एकत्र मिळाल्या की पुढे त्या प्रवाहास गालाना म्हणतात. काठाला फांद्या फुटलेल्या डूम ताडांची रांग, पलीकडे याट्टाचे सपाट पठार. हे पठार प्राचीन काळच्या लाव्हारसाचे असून सुमारे ३०० किलोमीटर लांब आहे. कॅम्प म्हणजे दहा-बारा तंबू, मध्यभागी जेवणासाठी गवताने शाकारलेला मांडव, थोडे दूर स्वयंपाकाची जागा. भोवती कुंपण नाही. पहिल्या दिवशी हे पाहून आमच्यातील स्त्रियाच काय, सैन्यात राहिलेले पुरुषही जरा गप्प झाले. कॅम्पच्या व्यवस्थापकाने समजावून सांगितले की जनावरे आपल्या नेहमीच्या वाटेने येतात आणि जातात. मिटलेला तंबू त्यांना एखाद्या खडकासारखा वाटतो, त्यात ती डोके खुपसत नाहीत. मात्र तंबू मिटलेला हवा.

नियम थोडे होते, पण ते पाळलेच पाहिजेत असे होते. तंबूत खाण्याची वस्तू ठेवावयाची नाही, मुलांच्या खिशातील बिस्किटसुद्धा नाही. अंधार पडल्यावर एकट्याने पाऊल टाकावयाचे नाही. जेवणाहून तंबूत जाताना पहारेकरी, ज्यास 'अस्कारी' म्हणतात, तो विजेरी घेऊन पुढे चालणार. पाणघोडा दिसला तर त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहावयाचे नाही, कारण भ्यालेला पाणघोडा सरळ पाण्याकडे धावतो आणि वाटेत काय आहे हे पाहत नाही. दिवसभर नदीत डुंबणारी ही अवाढव्य जनावरे रात्री गवत खावयास काठावर चढतात. त्यांच्या चरण्याचा चराचरा आवाज आम्ही दररोज रात्री कापडाच्या पलीकडे ऐकला. गाय चरते तसाच, फक्त गाय दीड-दोन टनांची समजावी.

पहाटे साडेपाचला तंबूबाहेर "होडी!" अशी हाक येई. दारावर टकटक करण्याऐवजी तेथील माणसे असे म्हणतात आणि आतून "करिबू" म्हणजे "या" असे उत्तर द्यावयाचे. मग चहाची किटली आत येई. चहाला तेथे 'चाय', पोळीला 'चपाती', दुकानाला 'दुका' आणि मोटारीला 'गारी'. आपल्या मुलुखातील शब्द व्यापारी गलबतांतून किती दूर गेले पाहा. आंघोळीस झाडावर टांगलेली कापडी पिशवी, तीत चुलीवर तापविलेले पाणी, खालची तोटी फिरविली की चार मिनिटे धार. नेगेवमध्ये पाण्याची काटकसर केलेल्यांना हे अवघड गेले नाही.

वेळ मोजण्याची रीत आम्हांस फार आवडली. वाटाड्या म्हणे, "उद्या बारा वाजता निघू," म्हणजे सकाळी सहा. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बाराही महिने सहाच्या सुमारास उगवतो आणि मावळतो, म्हणून स्वाहिली भाषेत सकाळी सात म्हणजे पहिला तास. दिवसाचा आरंभही सूर्यास्तापासून धरण्याची त्यांची जुनी चाल आहे. आपल्या प्रार्थनेच्या वेळाही सूर्योदयापासूनच्या तासांनी ठरतात आणि आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो, हे आजींनी वाटाड्यास मराठीत सांगितले आणि मुलांनी भाषांतर केले. तेव्हापासून तो त्यांना 'बिबी' म्हणजे आजी म्हणू लागला.

सकाळ-संध्याकाळ जीपमधून फेरी असे. त्यात काय काय दिसले याची यादी देण्यात अर्थ नाही, तशा याद्या प्रवास-कंपन्यांच्या पत्रकांत असतात. दोन प्राणी मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. एक जेरेनुक. हे उंच मानेचे हरिण मागच्या दोन पायांवर सरळ उभे राहून काटेरी झुडपांच्या शेंड्याची पाने खाते. पानांतील ओलाव्यावरच त्याचे भागते, पाण्याला जावेच लागत नाही. दुसरा लाल चोचीचा धनेश. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते, आणि नर त्या फटीतून कित्येक आठवडे तिला चारा देत राहतो. हे ऐकून आमच्यातील एका सुनेने नवऱ्याकडे असे काही पाहिले की सारी जीप हसली.

जेवणाबाबत काळजी होती. मांसाचा प्रश्न आम्ही आधीच कळवून सोडविला होता. अंडी, फळे, घेवडा, हिरवी पालेभाजी आणि 'उगाली' म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, यांवर आमचे उत्तम चालले. भांडी आणि मसाल्याचा डबा आम्ही घरून नेला होता. तिसऱ्या दिवशी आजींनी आचाऱ्याच्या चुलीजवळ स्टूल मांडून घेवड्याला नारळाचे दूध घालून बिरड्यासारखे कालवण करविले. मोंबासाकडील लोक नारळाच्या दुधात घेवडा शिजवितातच, त्यामुळे आचाऱ्यास नवल वाटले नाही. नवल आम्हांस वाटले.

शब्बाथच्या दिवशी इतर पाहुणे जीपमधून गेले आणि आम्ही कॅम्पवर राहिलो. सकाळची प्रार्थना ताडांच्या सावलीत झाली. मग नदीकडे तोंड करून बसलो. त्या एका दिवसात बसल्या जागी जे पाहिले ते सात दिवसांच्या फेऱ्यांत पाहिले नाही.

दहाच्या सुमारास पलीकडच्या काठावर लाल मातीचे ढिगारे हलू लागले. ते हत्ती होते. त्सावोचे हत्ती त्या मातीत लोळून आणि सोंडेने ती अंगावर उडवून विटेच्या रंगाचे झालेले असतात. वीस-बावीस असावेत. पुढे एक म्हातारी हत्तीण. हत्तींच्या कळपाची धुरा वडील मादीकडे असते, नर मोठे झाले की कळप सोडून जातात. कोणत्या दुष्काळात पाणी कोठे मिळाले होते हे ज्येष्ठ मादीच्या आठवणीवर असते. ती पाण्याच्या कडेला थांबली आणि सोंड उंच करून बराच वेळ वारा हुंगत राहिली. मागे सारे उभे, एकही पुढे गेला नाही. तिने पाण्यात सोंड घातली तेव्हा सगळे एकदम उतरले. अगदी लहान पिलांना सोंड वापरता येत नाही. ती गुडघे टेकून तोंडानेच पाणी पितात. पाण्यातून वर आलेले हत्ती खाली काळे आणि वर लाल असे दुरंगी दिसत होते.

दुपारी एक एकटा नर कॅम्पमध्येच आला. त्याच्या पायांचा आवाज झाला नाही. हत्तीच्या तळव्याला मांसल गादी असते, त्यामुळे पाच टनांचे जनावर मांजरासारखे चालते. मांडवापासून दहा पावलांवर बाभळीच्या जातीचे एक झाड होते, त्याखाली पडलेल्या शेंगा तो सोंडेच्या टोकाने एकेक वेचून खाऊ लागला. व्यवस्थापकाने हाताने खूण केली, आम्ही बसल्या जागी दगड झालो. आचारी कांदे चिरीत होता, त्याने फक्त ताट जरा आपल्या बाजूला ओढून घेतले. त्या हत्तीच्या पापण्यांचे केस मोजता आले असते. पाऊण तासाने तो तंबूंच्या दोऱ्या अचूक ओलांडून निघून गेला. मग नातू म्हणाला, "एकही दोरी तुटली नाही!" त्या दिवसातील ते पहिले मोठ्याने बोललेले वाक्य.

या जनावरांनी सोसले आहे फार. १९७०-७१ च्या दुष्काळात त्सावोत हजारो हत्ती मेले. उरलेल्यांवर हस्तिदंतासाठी चोरट्या शिकाऱ्यांची धाड आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ३५,००० असलेले हत्ती १९८८ पर्यंत सहा हजारांच्या आसपास राहिले. १९८९ साली केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जप्त केलेले १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले आणि त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. २०२१ च्या गणतीत त्सावोच्या परिसरात १५,००० च्या जवळपास हत्ती होते. तरी धोका टळला असे नाही. २०१४ साली 'सताओ' नावाचा जमिनीस टेकणाऱ्या सुळ्यांचा प्रसिद्ध हत्ती विषारी बाणाने मारला गेला, आणि २०२२ च्या दुष्काळात नऊ महिन्यांत साऱ्या केनियात २०५ हत्ती मेल्याची सरकारी नोंद आहे. मागील शतकात आफ्रिकेच्या हस्तिदंताची एक मोठी पेठ मुंबई होती आणि त्याच्या बांगड्या आपल्याकडील नववधूंच्या हातांत जात, हे आपण विसरू नये.

नाण्याची दुसरी बाजू आम्ही व्होईजवळच्या सगाल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी पाहिली. तेथील शेतकऱ्याची मक्याची आणि मुगाची शेते उद्यानाच्या हद्दीला लागून आहेत. एका रात्रीत दोन हत्ती वर्षाचे पीक संपवितात. प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, तो तरी काय करील! डॉ. लुसी किंग या संशोधिकेने तेथे मधमाश्यांची कुंपणे उभारून दाखविली आहेत. शेताभोवती खांबांवर ठरावीक अंतराने पेट्या टांगून त्या तारेने एकमेकींस जोडतात. हत्तीचा धक्का तारेला लागला की सगळ्या पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. एवढ्या जाड कातडीचा प्राणी, पण सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती डंख सोसत नाही. सगळे हत्ती परततात असे नव्हे. दुष्काळात माश्या पेट्या सोडून जातात आणि कुंपण नावापुरते उरते, असे एका शेतकरीण बाईने आम्हांस सांगितले. तरी मध विकून मुलांच्या शाळेची फी भागते म्हणाली. आम्ही सहा बाटल्या घेतल्या.

आता सिंहाविषयी. पाचव्या रात्री दोनच्या सुमारास आम्ही सर्व एकाच वेळी जागे झालो. तो आवाज चित्रपटातल्यासारखा नसतो. तो जमिनीतून येतो, छातीच्या फासळ्यांत जाणवतो, चढत जातो आणि शेवटी धापा टाकल्यासारखा तुटक होत विरतो. तंबूचे कापड आपल्या तोंडापासून हातभर अंतरावर आहे, एवढी एकच गोष्ट मग मनात उरते. शेजारच्या तंबूतून आजींचा आवाज आला, "अगं, जागी आहेस ना?" सून म्हणाली, "आहे हो आई. झोपा तुम्ही." "आता कसली झोप! माबाऱ्यात वारा सुटला की तंबू असाच हलायचा. पण तिथे बाहेर कोणी ओरडत नसे." आजी लहानपणी १९५१ साली बेरशेबाच्या माबाऱ्यात आईबापांबरोबर तंबूत राहिलेल्या आहेत.

अस्कारी म्हणाला, सिंह दोन किलोमीटर दूर आहेत, त्यांचा आवाज आठ किलोमीटरांवरही ऐकू येतो. सकाळी त्यानेच आम्हांस स्वयंपाकाच्या जागेमागून गेलेले तिघांचे ठसे दाखविले. त्याच दिवशी दुपारी ते झुडपाखाली पसरलेले दिसले, दोन माद्या आणि एक नर. नराला आयाळ जवळजवळ नव्हती. त्सावोचे बरेच नर असेच असतात. उष्ण प्रदेशात आयाळ खुरटी राहते असे अभ्यासक मानतात.

अशाच सिंहांच्या एका जोडीने १८९८ साली येथील रेल्वेचे काम बंद पाडले होते. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा हा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला, आणि त्यासाठी ३१,९८३ मजूर हिंदुस्थानातून करारावर आणले गेले. बहुतेक पंजाबकडील होते. त्यांतील २,४९३ येथेच मेले. त्यांत सिंहांचा वाटा लहान. ताप, आमांश आणि अपघात यांनीच अधिक नेले. परंतु त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर नऊ महिने जी भीती होती तिची गणना आकड्यांत होत नाही.

मजुरांचे तंबू रुळांच्या कडेने मैलोगणती पसरलेले होते. भोवती काटेरी झुडपांचे 'बोमा' म्हणजे कुंपण, आत शेकोट्या. सिंह कुंपणातून वाट काढून येत आणि झोपलेल्या माणसास ओढून नेत. उंगन सिंग नावाचा शीख जमादार पाच-सहा सोबत्यांसह झोपला असता तंबूच्या दारातून नेला गेला. आज रात्री या तळावर, उद्या चार मैल पलीकडे; कोणाची पाळी येईल हे कोणास ठाऊक नसे. माणसे झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर खाटा बांधून झोपू लागली. काहींनी तंबूतच खड्डा खणून वर ओंडके टाकले. हे प्राणी नसून भुते आहेत अशी अनेकांची खात्री झाली. अखेर १ डिसेंबर १८९८ रोजी मजुरांनी इंजिनियरास सांगितले की आम्ही सरकारच्या कामास आलो आहोत, सिंहांचे खाद्य होण्यास नव्हे. जाणारी गाडी थांबावी म्हणून शेकडो माणसे रुळांवर आडवी झाली आणि गाडी थांबताच तीत चढून मोंबासास निघून गेली. तीन आठवडे काम बंद पडले. पळपुटेपणा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. आम्हांस तो त्या साऱ्या हकिकतीतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

तो इंजिनियर म्हणजे जॉन हेन्री पॅटरसन. त्याने ९ आणि २९ डिसेंबरला दोन्ही सिंह मारले आणि १९०७ साली त्यावर पुस्तक लिहून जगभर नाव मिळविले. त्यात त्याने २८ हिंदी मजूर बळी गेल्याचे लिहिले, पुढे १३५ हा आकडा सांगितला. २००९ साली संशोधकांनी त्या सिंहांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी करून सुमारे ३५ असा अंदाज केला. एका सिंहाच्या सुळ्याच्या मुळाशी गळू होते, त्यास शिकार धरणे कठीण जात असावे. शिवाय त्या दशकात गुरांच्या साथीने म्हशी आणि इतर खूरवाले प्राणी सपाटून मेले होते.

आपल्या वाचकांस पॅटरसन हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असेल. १९१५ साली गॅलिपोलीच्या रणावर ज्यू स्वयंसेवकांच्या खेचर-पलटणीचा आणि पुढे ज्यू लीजनमधील ३८ व्या बटालियनचा सेनापती तोच. तो १९४७ साली कॅलिफोर्नियात वारला. २०१४ साली त्याच्या आणि पत्नीच्या अस्थी इस्राएलात आणून नेतान्याजवळच्या अविहायिल येथे, त्याच्या जुन्या सैनिकांनी वसविलेल्या मोशावमध्ये, सन्मानपूर्वक ठेवण्यात आल्या. त्याने मारलेल्या सिंहांची कातडी पंचवीस वर्षे त्याच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. १९२४ साली ती शिकागोच्या संग्रहालयाने ५,००० डॉलरांस घेतली आणि आज ते दोन्ही सिंह पेंढा भरून काचेआड उभे आहेत.

सातव्या दिवशी आम्ही तो पूल पाहण्यास गेलो. मोंबासाच्या सडकेपासून तो दूर नाही. नदी अरुंद, काठाला दाट झाडी, वानरे पाणी पीत होती. मजुरांच्या नावांची पाटी आम्हांस तेथे दिसली नाही. पुस्तकातही बहुतेकांची नावे नाहीत. आजींनी नदीच्या वाळूतून एक खडा उचलला, आपण कबरीवर ठेवतो तसा एका दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, "यांच्या घरी कोणी तार तरी केली असेल का?" मुले त्यांच्याकडे पाहत राहिली. मग एकेकाने खडा आणून ठेवला. वाटाड्याने काही विचारले नाही, त्यानेही एक ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्होईहून नैरोबीची गाडी धरली. नवा मार्ग उंच भरावावर आहे आणि जनावरांना जाण्यासाठी त्याखाली जागोजागी मोकळ्या वाटा ठेवल्या आहेत. त्सावो नदी गाडीने मिनिटाच्या आत ओलांडली. नातवाने काचेला नाक लावून भरावाखालून जाणारे हत्ती मोजले. त्याचे अकरा झाले, आजींचे बारा, कारण शेवटच्या पोटाखालचे पिल्लू त्याच्या नजरेतून सुटले होते.